कानशिलावरची टोपली

मोहतांडा, पो. बोरी अरब
ता. १२ जुलै १९५९

ती. सौ. जमनीभाबीस,
देवसिंगचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. यवतमाळच्या दवाखान्यातल्या सुईणींच्या वर्गात नाव लागलं, राहायला खोली मिळाली, खोलीत आणखी तिघी आहेत आणि जेवण फिकं आहे, हे सगळं तुमच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या याडीला, वाचून दाखवलं. त्यातलं जेवण फिकं आहे एवढंच तिच्या मनात राहिलं. लगेच लसणाची चटणी कुटायला बसली. चटणी घेऊन येणारं माणूस अजून सापडलेलं नाही. तोवर अर्धी मी संपवीन, आधीच कळवून ठेवतो.

इकडे कापसाची पऱ्हाटी दोन पानांवर आली आहे. माझ्या शाळेत एकोणीस मुलं आहेत, हजेरीला अकरा असतात. मागच्या आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले होते. शाळा पाच मिनिटांत तपासून झाली. मग त्यांनी विचारलं की तांड्यातल्या बायांच्या कानांपाशी हे चांदीचं काय लटकतं. मी सांगितलं, वरची वाटीसारखी दिसते ती टोपली आणि खाली घुंगरांचा घोस आहे ती घुगरी. कानशिलावरच्या वेणीत गुंफतात. तुमच्यात मंगळसूत्र, तशी आमच्यात ही. नवरा आहे तोवर उतरत नाही. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मुलांची हजेरी मात्र लिहून घेतली नाही, बरं झालं.

याडीचा निरोप असा. ती म्हणते की तिले लिही, शहरातल्या बायांसारखा डोक्यामागं आंबाडा बांधू नको. आठ दिवसांतून एकदा केस धू, तेल पाज, मधोमध भांग पाड, अन् कानशिलावरच्या बटा वेगळ्या काढून त्याच्या बारीक येण्या घट्ट गुंफ. येणी सैल राह्यली तं टोपली गालावर येते अन् घुगरी ओरबाडते. तिथं तुमची येणी कोण घालतं, हे तिनं तीनदा विचारलं. मी एकदाच लिहितो.

किसनभियाचं भिलाईहून सव्वा महिना पत्र नाही. तुम्हाला आलं असेल तर कळवा. लोखंडाच्या कारखान्यात माणसं रात्रंदिवस राबतात म्हणतात, तेव्हा लिहायला फुरसत नसेल.

लोभ आहेच, तो यवतमाळच्या हवेनं पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला,
देवसिंग


यवतमाळ
ता. २७ जुलै १९५९

चि. देवसिंगभाऊजी यांस,
जमनीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. चटणी तुम्ही संपवणार हे मला न लिहिता कळलं होतं.

इथं आम्ही चौदा जणी आहोत. सकाळी दवाखान्यात काम, दुपारी वर्ग. शिकवायला इंदुताई आहेत. त्या हळू बोलतात, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाहीत. पहिले आठ दिवस त्यांनी आम्हाला फक्त हात धुवायला शिकवलं. मला वाटलं हेच का शिक्षण. आता तसं वाटत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर मलिका आहे, बाभुळगावची. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे. माझी येणी तीच घालते, याडीला सांगा. तिला आपली बारीक येणी तिसऱ्या दिवशी जमली. तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात झूमर होता म्हणे. तो कपाळाच्या एका अंगाला, भांगाच्या डावीकडे बसतो, म्हणून त्यांच्यात नवरीचे केस अगदी चापून बसवतात, वर जरा फुगले की झूमर उताणा पडतो. लग्नाच्या दिवशी नवरीच्या दोन मावश्या केसांवरून भांडल्या अन् निकाह अर्धा तास लांबला. एकेकीच्या डोक्यावर काय काय भार असतो. वर्गातल्या बाकीच्या पोरी साधा आंबाडा बांधून वर पांढरा रुमाल बांधतात, त्यांचं दोन मिनिटांत आटपतं.

मलाही यांचं पत्र नाही. मी दोन लिहिली.

डोकं जरा दुखतं, म्हणून आटोपतं घेते. याडीस शि. सा. नमस्कार.

तुमची माया राहू द्यावी, माझी आहेच.

सौ. जमनी


यवतमाळ
ता. २९ जुलै १९५९

कृ. सा. न. वि. वि.

भिलाईला धाडलेलं हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोहोंचं उत्तर नाही, पण हे लिहिणं भाग आहे.

गेल्या शुक्रवारी सकाळी एक पहिलटकरीण होती. मी तिच्या उशाशी उभी राहून, वाकून तिला धीर देत होते. कळ आली तेव्हा तिनं हाती लागेल ते धरलं. माझी उजवीकडची टोपली तिच्या हाती लागली. तिची बोटं सोडवता आली असती, पण त्या घडीला ती जोर लावत होती, तिला थांबवणं बरोबर नव्हतं. म्हणून राहू दिलं. येणीसकट कानशिलाची कातडी निघाली. मुलगा झाला. दोघं बरी आहेत. मला चार टाके पडले. त्या बाईला नंतर सांगितलं तर तिला काही आठवेना.

इंदुताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या की मी तुला हुकूम करत नाही, तुमच्यात याचा अर्थ काय ते मला ठाऊक आहे. पण पुढल्या वेळी घुंगरू तुटून बाईच्या अंगावर पडेल, नाहीतर लेकराच्या डोळ्याला लागेल, ते तू बघ. मी दोन दिवस पाहिलं. मग डावीकडचीही काढली. दोन्ही तुमच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आहेत.

मागच्या साली आपलं बाळ पायाळू आलं अन् गेलं. याडीनं अन् शेजारच्या लालीबाईनं जे येत होतं ते सगळं केलं, त्यांचा दोष नाही. पायाळू मूल कसं सोडवतात ते गेल्या आठवड्यात मी डोळ्यानं पाहिलं. तीन मिनिटांचं काम आहे, येत असेल तर. म्हणून मला हे अर्ध्यावर टाकायचं नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर टोपल्या घालीन अन् घरी जाईन, कारण घालून इथं काम होणार नाही. याडीला मी काही कळवलेलं नाही. तिला हे तुमच्या तोंडून कळावं असं वाटतं.

प्रकृतीस जपावं. तुमचा लोभ दूर गेल्यानं कमी झाला नसावा, असं धरून चालते.

सौ. जमनी


मोहतांडा
ता. १९ ऑगस्ट १९५९

जमनीभाबी यांस,
देवसिंगचा नमस्कार.

वर ती. सौ. लिहिलं नाही. ते लिहू की नको हे मला कळत नाही, आणि ते कळावं म्हणूनच हे पत्र आहे.

परवा सोमवारी लालीबाई नातवाला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेली होती. तिनं तुम्हाला ओसरीवर पाहिलं. पांढरं लुगडं, दोन्ही कानशिलं उघडी. ती म्हणते की माही हिंमत झाली नाही, काय बोलू अन् कसं बोलू, मी तशीच मागं फिरली. मोटारीत बोरीपर्यंत रडत आली. दिवे लागायच्या आत साऱ्या तांड्याला कळलं.

लोक म्हणतात की भिलाईहून बातमी सरळ तुमच्याकडे आली आणि आम्हाला कळवायचं तुमच्यानं होत नाही. बाया येऊन याडीच्या गळ्यात पडून रडल्या. याडी रडली नाही. तिनं लालीबाईला दोनदा विचारलं की दोन्ही बाजू उघड्या होत्या का, नीट पाह्यलं का. लालीबाई हो म्हणाली. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिला एकटी टाकून मला येता येत नाही, नाहीतर पत्र लिहीत बसलो नसतो.

काल दारव्ह्याला जाऊन भिलाईला तार केली. उत्तर नाही.

भिया गेला असेल तर केव्हा आणि कसा, ते स्पष्ट लिहा. मी वाचू शकेन. दुसरं काही असेल तर तेही लिहा. उलट टपालानं उत्तर यावं.

देवसिंग


यवतमाळ
ता. २२ ऑगस्ट १९५९

चि. देवसिंगभाऊजी यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र काल आलं. चौथ्या ओळीपुढं मला वाचवलं नाही, पुढचं मलिकानं वाचलं. मला वाटलं भिलाईची बातमी तुम्हालाच लागली आहे अन् विचारण्याच्या निमित्तानं तुम्ही मला ती सांगता आहात. तासभर मी तेच धरून बसले. मलिकानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ध्यानात आलं की बातमी तुमच्याकडून माझ्याकडे आली नाही. ती माझ्या उघड्या डोक्यावरून तुमच्याकडे गेली.

माझ्याकडे कसलीही बातमी नाही. आधी हे याडीला सांगा, मग पुढचं वाचा.

पांढरं लुगडं आम्हा चौदाही जणींचं आहे, ते इथला पोशाख आहे. टोपल्या मी काढल्या. एका बाळंतिणीच्या हातात सापडून उजवं कानशील फाटलं, चार टाके पडले. मागच्या पत्रात डोकं दुखतं म्हणून लिहिलं ते याचंच. कळवलं नाही, ही माझी चूक. यांना मात्र जुलैतच सगळं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही अन् तुमच्या तारेलाही उत्तर नाही, म्हणून आता माझ्याही मनात नको ते येतं. आधी येत नव्हतं. लालीबाई दहा पावलं पुढं येऊन बोलली असती तर तुमच्या घरात भाकरी शिजली असती. पण तिला दोष देऊन काय. मी तिच्या जागी असते तर मीही मागं फिरले असते.

मी टोपली काढली ही कदाचित चूक असेल. पण भाऊजी, ती कोणाच्या मरणानं काढलेली नाही. तुम्ही वर सौ. लिहिलं नाही तरी मी खाली लिहिते. तार येईपर्यंत लिहीन.

याडीला दोन घास खायला लावा. माझी शपथ घाला, चालणार नाही वाटलं तर तुमची घाला.

सौ. जमनी


भिलाई, नवी लाइन
ता. ३० ऑगस्ट १९५९

चि. देवसिंगले किसनसिंगचा आशीर्वाद.

मी खुशाल आहो. चांगला जेवून राह्यलो, हिंडून राह्यलो. तुही तार परवा भेटली. जून महिन्यात आमच्या टोळीले जुन्या लायनीतून उचलून भट्टीच्या पलीकडं नव्या लायनीत आणलं. पत्रं समदे जुन्या लायनीच्या बाबूच्या पेटीत पडून होते. तुही तारबी तिथंच दहा दिवस झोपली. म्या बी पत्र धाडलं नाही, ते मात्र माह्या आळसानं. बाबूनं तार हाती घेऊन इचारलं, किसनसिंग कोण. म्या म्हटलं मीच. तो म्हणे, घरचे इचारतात तू कसा आहेस. इथले आपल्या जातीचे चार गोरमाटी तव्हापासून मले भूत म्हणून हाका मारून राह्यले.

जमनीचे तिन्ही पत्र एकाच गठ्ठ्यात भेटले. तिसरं वाचून मले राग आला, खोटं कायले सांगू. नवरा जिता अन् बायकोनं टोपली काढली. म्या पत्र घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. त्यात बाळाचं लिवलं आहे, ते वाचलं.

आता एक गोष्ट तुले सांगतो, ते तू याडीले सांग. इथं भट्टीवर जाताना हातातलं कडं, गळ्यातलं काहीबी ठेवू देत नाहीत, तापून कातडीले चिकटते. मी निघालो तव्हा याडीनं गळ्यात ताईत बांधून देला होता, मरेपर्यंत काढू नको म्हणून. तो म्या पहिल्याच दिवशी काढला. रोज काढतो, रोज घालतो. याडीले सांगितलं नाही. जमनीनं निदान इचारलं तरी. म्या तेबी केलं नाही.

जमनीले मी अलग पत्र टाकतो. सुटी दिवाळीपर्यंत भेटत नाही, भेटली तं येतो. याडीले म्हण, काळजी करू नको, पोटभर जेव.

सगळ्याईनं जीव लावला तसाच लावून ठेवा.

किसनसिंग


मोहतांडा
ता. ११ सप्टेंबर १९५९

ती. सौ. सौ. जमनीभाबीस,
देवसिंगचा कृ. सा. न. वि. वि.

सौ. दोनदा लिहिलं आहे. मागच्या पत्रातलं एक देणं होतं.

भियाचं पत्र मी याडीला वाचून दाखवलं. तो जिवंत आहे हे तुमच्या पत्रावरून तिनं अर्धं मानलं होतं, आता पुरतं मानलं. ताईताचं ऐकून मात्र तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग भियाला आणि त्याच्या भट्टीला मोठ्यानं शिव्या दिल्या आणि भाकरी मागून घेऊन खाल्ली. त्या दिवसापासून नीट जेवते.

एवढ्यानं भागलं नाही. रविवारी नसाब बसली, तांड्याचे सगळे पंच होते. पूनमसिंग, तांड्याचे नाईक, म्हणाले की जित्या माणसासाठी तांडा पंधरा दिवस रडला, चुली थंड राह्यल्या, असं कधी झालं नाही. शिकाले आमची ना नाही, पण नवरा असताना कानशील उघडं हे चालणार नाही. तिनं टोपली घालावी, नाही तं घरी यावं. दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. मी बोलायला उठलो तर मला बसवलं, मास्तर शाळेत, नसाबेत नाही, म्हणाले.

याडीला विचारलं तेव्हा ती म्हणाली की मी पहिले माह्या डोळ्यानं पाहीन, मग बोलीन. ती मंगळवारच्या मोटारीनं तुमच्याकडे येते आहे. एकटी येते म्हणते. राग गेलेला नाही, हे कळवून ठेवतो. सोबत चटणी आहे, ती मी मोजून बांधली आहे, वाटेत कमी झाली तर माझ्यावर आळ घेऊ नये.

आपल्या आशीर्वादाची गरज मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, तो असू द्यावा.

देवसिंग


यवतमाळ
ता. २० सप्टेंबर १९५९

कृ. सा. न. वि. वि.

तुमचं भिलाईचं पत्र पोचलं. राग आला होता हे तुम्ही लिहिलं, बरं केलं. नसतं लिहिलं तर मी तो शोधत बसले असते.

याडी तीन दिवस राहून परवा गेली. आमच्या खोलीत बाहेरचं माणूस ठेवता येत नाही, म्हणून इंदुताईंनी तिला आपल्या घरच्या पडवीत जागा दिली. पहिल्या दिवशी तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलंच नाही. दवाखान्याच्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडे पाहत होती. दुपारी एक बाई बैलगाडीतून आली, तिला उतरवायला मी अन् मलिका धावलो. याडी उठून उभी राहिली, जवळ आली नाही. संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं की ते गाडीतली जगली का. मी म्हटलं दोघं जगली.

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. पडवीत बसून तिनं रुमाल सोडायला सांगितला. उजव्या कानशिलावर बोटभर जागेत केस उगवत नाहीत. तिनं अंगठ्यानं ती जागा दाबून पाहिली, टाके किती म्हणून विचारलं. मग आपली ओढणी मागं सारली अन् स्वतःचे केस डाव्या बाजूनं बाजूला केले. तिथंही तशीच जागा आहे. रुपयाएवढी. तुमचे वडील गेले तेव्हा चौघींनी तिला धरून टोपल्या काढल्या, घाईत येणी न सोडता ओढल्या, तेव्हाचं आहे ते. अकरा वर्षं झाली, कोणाला दाखवलं नव्हतं म्हणते. तुम्हाला ठाऊक होतं का? मला वाटतं नव्हतं.

तिनं ओढणी पुन्हा पुढं घेतली. थोड्या वेळानं म्हणाली की माह्या काढल्या, तू काढल्या, यात फरक आहे. तो फरक माझ्या बाजूचा की माझ्यावरचा, ते मी विचारलं नाही.

मग तेल मागितलं अन् माझे केस विंचरायला घेतले. त्या जागेवरून येणी निघत नाही. तिनं आधी मागून बट ओढून पाहिली, ती सुटली. मग भांग तिरपा पाडला, तर तोंड वाकडं दिसतं म्हणाली अन् मोडला. शेवटी वरून, कपाळाच्या कडेजवळून बट उचलून, जखमेवरून नेऊन कानामागं येणी उतरवली. ती बसली. जखमही झाकली गेली अन् ओढही पडत नव्हती. मी पेटीतून टोपल्या आणल्या. तिनं हात मागं घेतले. म्हणाली की हे माह्या हातानं होत नाही, सुवासिनीनं घालायचं असते. मग येणीही सोडून टाकली.

मोटारीत बसताना नसाबेत काय सांगणार ते मी विचारलं. ती म्हणाली की अजून जुळून राह्यली. दसऱ्याला मी चार दिवस घरी जाते. परत येईन की नाही ते तिथं ठरेल.

तुम्ही भट्टीपासून सांभाळून राहावं. इकडची चिंता आम्ही वाटून घेतली आहे, तुमच्या वाट्याला थोडीच ठेवली आहे.

सौ. जमनी


मोहतांडा
ता. १४ ऑक्टोबर १९५९

ती. किसनभिया यांस,
देवसिंगचा शि. सा. नमस्कार.

भाबी काल सकाळच्या मोटारीनं यवतमाळला परत गेल्या. म्हणजे निकाल कळलाच. तो कसा लागला ते सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नसाब बसली. बाया मागं बसल्या होत्या. नाईकांनी याडीला विचारलं की तू पाहून आली, आता बोल. याडी उभी राहिली. मला वाटलं होतं ती दोन वाक्यं बोलून बसेल. ती म्हणाली की नाईक, माह्या टोपल्या उतरवल्या तव्हा नसाब बसली नव्हती, मले कोणी इचारलं नाही. हिनं आपल्या हातानं काढल्या, आपल्या नवऱ्याले इचारलं, तं पंधरा माणसं इचारायले बसले. काढल्यानं काही होत असतं तं किसन जिता राह्यला नसता. तो जिता आहे. घातल्यानं काही राहत असतं तं माह्या घालून होत्या, त्याचा बाप राह्यला नाही. मग ती थांबली. आम्हाला वाटलं झालं. पण ती म्हणाली की माहा नातू याच तांड्यात पायाळू आला, माह्या ह्या हातात गेला. त्या दिवशी अशी एक बाई असती, उघड्या कानशिलाची, पांढऱ्या लुगड्याची, तं म्या तिचे पाय धुतले असते. आता तुमी ठरवा. एवढं बोलून बसली.

नाईक बराच वेळ चिलीम हातात धरून होते, ओढली नाही. मग म्हणाले की कामावर उघडं, तांड्यात झाकलं. तांड्यात पाय ठेवला की टोपली पाहिजे. यावर कोणी काही बोललं नाही, म्हणजे ठरलं.

दसऱ्याला सकाळी बाया अंगणात जमल्या. लालीबाईनं स्वतः होऊन सांगितलं की टोपली मी घालीन, माह्यामुळं झालं. तिनं तेल लावलं, येणी घालायला घेतली. पण उजवीकडे केसच नाहीत. तिनं मागून बट ओढली, टोपली अडकवली, ती घसरून खांद्यावर आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. नाईकांच्या घरच्या बाईनं करून पाहिलं, तिलाही जमेना. याडी तिथंच अंगणातल्या चुलीपाशी होती. वरून घे, कपाळावरून घे, असं तिथूनच सांगत होती, पण सांगून ते होईना.

भाबी उठल्या. लालीबाईच्या हातातून फणी आणि दोन्ही टोपल्या घेतल्या आणि याडीसमोर पाठ करून बसल्या. याडी म्हणाली की माहे हात याच्यातले नाहीत, ऊठ. भाबी उठल्या नाहीत. चुलीवरचं दूध वर आलं आणि उतू गेलं, जवळ बसूनही कोणी उतरवलं नाही. मी दारात उभा होतो, मला आत जावं की बाहेर हे सुचेना.

मग याडीनं हात ओढणीला पुसले. कपाळाजवळून बट उचलली, जखमेवरून नेली, कानामागं उतरवली, गाठ दिली. आधी उजवी टोपली घातली, मग डावी. डावी तिला दोनदा गुंफावी लागली. नाईकांच्या घरची बाई पाहत होती. तिनं ओढणी सारखी केली आणि घरी गेली. बाकीच्या बसून राहिल्या. याडी चुलीकडे वळली आणि तशाच तेलकट हातांनी पीठ मळायला घेतलं.

दुपारी लालीबाईची सून आली. मागच्या बाळंतपणात तिचे केस फार गळाले, तिचीही टोपली गालावर येते. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं विचारलं की तशी वरून धरलेली येणी मलेबी घालून देता का. याडीनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली की भाकरी होऊ दे, बस.

तुमचा ताईत मी मागितला आहे असं समजू नये, पण याडी विचारते की दोरा जुना झाला असेल तर दुसरा पाठवू का. दिवाळीला येणं जमवावं. आम्हा सगळ्यांवर जसं लक्ष आहे तसंच राहावं, यापेक्षा जास्त मागणं नाही.

आपला,
देवसिंग